निळ्या उजेडाचा बाजार

साताऱ्यात पेढ्याच्या दुकानात कोपऱ्यात एक निळी नळी तडतडत असते, ती माशांसाठी. पतसंस्थेच्या काउंटरवर जांभळा दिवा असतो, त्याखाली नोटेतले धागे चमकतात. सांगलीतल्या ब्युटी पार्लरमध्ये जेल नेलपॉलिश घट्ट करायला बोटं ज्या छोट्या पेटीत घालतात, तिच्यातही तसाच उजेड. आणि ओट्याच्या वर टांगलेल्या पाण्याच्या मशिनच्या पोटात चौथा दिवा, जो कुणाला धड दिसतही नाही. चौघांनाही बाजारात एकच नाव, ‘यूव्ही’. जंतू मारतो तो फक्त चौथा. कोरोनाच्या साथीत मोबाइल, मास्क, चाव्या, नोटा, भाजी असं सगळं ‘सॅनिटाइझ’ करून देणाऱ्या यूव्ही कांड्या आणि पेट्या ऑनलाइन आल्या. साथ ओसरली तरी त्या विकल्या जातातच, काही शे रुपयांपासून पुढे. त्या घ्याव्यात का, हे ठरवायचं तर आधी या चार दिव्यांतला फरक समजून घ्यावा लागतो.

अतिनील किरणांचे तरंगलांबीनुसार तीन पट्टे पाडतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटर हा ‘ए’, २८० ते ३१५ ‘बी’ आणि २०० ते २८० ‘सी’. माशांची नळी, नोटांचा दिवा, नेलपॉलिशची पेटी हे सगळे ‘ए’ पट्ट्यातले किंवा त्याच्या जांभळ्या काठावरचे. जंतूंच्या डीएनएवर सर्वाधिक परिणाम होतो तो २६५ नॅनोमीटरच्या आसपास. पाऱ्याची वाफ भरलेली कमी दाबाची नळी आपला बहुतेक अतिनील उजेड नेमका २५४ वर देते, आणि या जुन्या नळीचं नशीब एवढ्या एका जुळणीवर शंभर वर्षं टिकलं आहे. हा किरण पडला की डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिन एकमेकांना चिकटतात आणि जंतूला स्वतःची नक्कल काढता येत नाही. सूर्यातही यूव्ही-सी असतं, पण वातावरणातला ओझोन ते वरच अडवतो.

स्वस्त मालातली पहिली लबाडी इथेच होते. ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचा जांभळा एलईडी काही रुपयांत मिळतो आणि झगमगतो छान. खरा यूव्ही-सी एलईडी त्याच्या कितीतरी पट महाग, आणि त्याला दिलेल्या विजेतली बहुतेक उष्णतेतच जाते. यूव्ही-सी माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. पाऱ्याच्या नळीतून जो फिकट निळा रंग दिसतो, तो त्याच पाऱ्याचा दुसरा, निरुपद्रवी उजेड. म्हणजे कांडी लावल्यावर खोली जांभळी होते यावरून जंतूंबद्दल काहीच कळत नाही. नोट चमकते यावरूनही नाही. नोट चमकवायला पतसंस्थेतला दिवा पुरतो.

मूळ कल्पनेत मात्र खोट नाही. सूर्यप्रकाशात जिवाणू वाढत नाहीत हे डाउन्स आणि ब्लंट या दोन इंग्रज संशोधकांनी १८७७ मध्ये दाखवलं. त्वचेच्या क्षयावर एकवटलेल्या उजेडाचे उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेनला १९०३ चं नोबेल मिळालं. १९१० मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरात पिण्याचं पाणी अतिनील दिव्याखालून काढून पाहिलं गेलं. आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनाही ऊन-वाऱ्याच्या उपचारांची जुनी ओळख आहे. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीला क्षयरुग्णांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढलं, आणि सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीचं क्षयरोग सॅनेटोरियमही त्याच विचारातलं. तिथल्या उन्हात यूव्ही-सी नव्हतं आणि क्षय खऱ्या अर्थानं हटला तो स्ट्रेप्टोमायसिननंतरच्या औषधांनी. पण उघड्या खिडक्या आणि लांब लांब खाटा यांचं शहाणपण कधी खोटं ठरलं नाही. २०२० मध्ये तेच पुन्हा नव्यानं सांगावं लागलं.

२३ मार्च २०२० ला सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरमध्ये सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातले चार जण बाधित निघाले आणि महिनाअखेरपर्यंत त्यांच्या नात्यागोत्यातला आकडा पंचवीसच्या घरात गेला. राज्यभर त्या गावाचं नाव झालं. तिथली साखळी तुटली ती संपर्कातली माणसं शोधून वेगळी ठेवल्यानं आणि परिसर बंद केल्यानं. त्या दिवसांत भीतीनं सुचलेल्या उपायांना मात्र सुमार नव्हता. रस्त्यांवर हायपोक्लोराइट मारलं जात होतं, कचेऱ्यांच्या दारात माणसांवर फवारे सोडणारे बोगदे उभे राहिले आणि एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला माणसांवर असली फवारणी करू नका म्हणून सांगावं लागलं. यूव्ही कांडी हे त्याच भीतीचं जरा आधुनिक अपत्य.

याच काळात जाणकारांनीही यूव्ही वापरलं. मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डनं अवजारं, कपडे वगैरे निर्जंतुक करायला एक यूव्ही कक्ष बनवला. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या दिल्लीतल्या लेझर प्रयोगशाळेनं मे २०२० मध्ये ‘यूव्ही ब्लास्टर’ नावाचा मनोरा काढला. त्यात ४३ वॅटचे सहा दिवे होते, सगळे २५४ नॅनोमीटरचे. बारा बाय बारा फुटांच्या खोलीला त्याला सुमारे दहा मिनिटं लागत, आणि तेवढा वेळ खोलीत कुणी थांबायचं नाही. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण बाजारातली कांडी त्यांच्यासमोर ठेवली की हिशेब आपोआप होतो.

हिशेब मात्रेचा आहे. मात्रा म्हणजे किरणांची तीव्रता गुणिले वेळ, आणि तिचं माप दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिज्यूल. महाबळेश्वरला तासाभरात कोसळतो तेवढा पाऊस माणमध्ये दिवसभराच्या भुरभुरीतही पडत नाही, तसं हे. नुसता ‘पाऊस पडला’ म्हणून भागत नाही. बॉस्टन विद्यापीठानं २०२० मध्ये कोरोना विषाणूवर ५ मिलिज्यूल मात्रा दिली तेव्हा ९९ टक्के विषाणू निकामी झाले, आणि २२ मिलिज्यूलला जवळपास काहीच उरलं नाही. साध्या जिवाणूंना साधारण याच घरातली मात्रा लागते, बुरशीच्या बीजाणूंना कित्येक पट जास्त.

आता समजा, कांडी खरी आहे. तिच्यात खरे यूव्ही-सी एलईडी आहेत आणि सगळे मिळून १० मिलिवॅट किरण देतात. बॅटरीवरच्या स्वस्त वस्तूच्या मानानं हा काही कंजूष अंदाज नाही. एका माणसाच्या पलंगावरची चादर ९० बाय १९० सेंटिमीटर, म्हणजे १७,१०० चौरस सेंटिमीटर. तिच्या प्रत्येक ठिकाणी १० मिलिज्यूल पोचवायचे तर १७१ ज्यूल लागतात, आणि १० मिलिवॅटनं ते द्यायला १७,१०० सेकंद. पावणेपाच तास. तेही एकही किरण वाया न जाता, चादरीला एकही सुरकुती नसताना, एकच बाजू. जाहिरातीतली बाई ती कांडी चादरीवरून दहा सेकंदांत फिरवते आणि हसते. डीआरडीओच्या मनोऱ्यातल्या दिव्यांना मिळणाऱ्या विजेचा तिसरा हिस्सा जरी यूव्ही-सीत बदलत असेल, तरी तो या कांडीच्या सुमारे साडेआठ हजार पट भरतो. आणि त्यालाही दहा मिनिटं लागतात.

मग जास्त ताकदीची कांडी घ्यावी का? तिथे दुसरा खड्डा आहे. २५४ नॅनोमीटरच्या किरणांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस अशी, की आठ तासांच्या दिवसात डोळ्यांवर किंवा त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला ६ मिलिज्यूलपेक्षा जास्त पडू नये. म्हणजे विषाणू मारायला लागणारी मात्रा आणि माणसाला चालणारी मात्रा जवळपास एकाच मापाची. हातात धरून फिरवायच्या वस्तूत हा पेच सुटत नाही. जी कांडी खरोखर काम करते ती हातात धरायला धोक्याची, आणि जी धोक्याची नाही ती बहुधा निव्वळ टॉर्च. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं जुलै २०२२ मध्ये काही यूव्ही कांड्यांची नावं घेऊन सांगितलं, की त्यांनी काही सेकंदांत डोळ्यांना आणि त्वचेला इजा होऊ शकते. यूव्ही दिव्यानं हात निर्जंतुक करू नका, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्येच सांगितलं होतं. ही इजा कशी असते ते कुपवाड एमआयडीसीतल्या कुणाही वेल्डरला विचारावं. काच न लावता आर्ककडे पाहिलं की त्या वेळी काही होत नाही. रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही. दोन-तीन दिवसांत बहुधा बरं वाटतं, पण लहान मुलाच्या हाती कांडी पडली तर त्याला हे समजावणार कोण?

पेट्यांची गोष्ट कांडीपेक्षा बरी. झाकण बंद, आत छोटी पाऱ्याची नळी किंवा एलईडी, चकचकीत भिंती, वस्तू काही मिनिटं जागेवर, आणि झाकण उघडलं की दिवा बंद. मात्रा पोचते आणि डोळे वाचतात. सॅमसंगनं ऑगस्ट २०२० मध्ये भारतात अशी पेटी आणली होती, किंमत ३,५९९ रुपये, फोन चार्ज करण्याची सोय त्यातच. नावाजलेल्या कंपन्यांच्या मोठ्या पेट्या आठ-दहा हजारांच्या आसपास होत्या. मात्र किरण सरळ रेषेत जातात. फोनच्या कव्हराची घडी, चावीच्या गुच्छाची आतली बाजू, नोटांच्या गड्डीतली दुसरी नोट, या सगळ्यांवर सावली असते आणि सावलीतला जंतू सुखरूप राहतो. वर तेलकट बोटाचा थर असेल तर तोही छत्री धरतो. म्हणजे आधी पुसायलाच हवं, आणि नीट पुसलं की पेटीसाठी फारसं काम उरत नाही.

त्यापेक्षा मोठी अडचण अशी, की ज्या भीतीवर या पेट्या खपल्या ती भीतीच चुकीच्या दाराशी उभी होती. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डमन यांनी जुलै २०२० मध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात लिहिलं, की वस्तूंवरून कोरोना पसरण्याचा धोका फुगवला गेला आहे. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं आकडा दिला. दूषित वस्तूला एकदा हात लावल्यानं लागण होण्याची शक्यता साधारण दहा हजारांत एकापेक्षाही कमी. विषाणू हवेतून येत होता आणि आपण दुधाच्या पिशव्या धूत होतो. पोटाचे आजार हातावरून पसरतात हे खरं, पण त्यांच्यासाठी साबणाची वडी पुरते, आणि साबणाला सावलीचा प्रश्न नसतो.

केशकर्तनालयातल्या ‘स्टरिलायझर’ पेटीबद्दल एवढंच, की निर्जंतुक केलेली हत्यारं स्वच्छ ठेवायला ती ठीक आहे. केस अडकलेला वस्तरा तिच्यात टाकून निर्जंतुक होत नाही. नवं ब्लेड मागावं. टूथब्रशच्या यूव्ही डबीची तर गरजच नाही. ब्रश धुऊन उभा, कोरडा ठेवला की झालं. गाद्या-गोधड्यांसाठी माणदेशातलं एप्रिलचं ऊन फुकट आहे. त्यात यूव्ही-सी नसलं तरी उष्णता आणि कोरडेपणा ढेकणांचं आणि वासाचं काम करतात.

पाण्याचा भाग वेगळा, आणि इथे माझं मत बदलतं. यूव्हीला जे हवं ते सगळं पाण्याच्या मशिनमध्ये आहे. दिवा धातूच्या नळीत बंद, त्याच्याभोवती पाण्याचा पातळ थर, प्रवाहाचा वेग ठरलेला, आणि डोळ्यांचा संबंध नाही. युरेका फोर्ब्सनं १९८४ मध्ये ॲक्वागार्ड आणलं ते याच तत्त्वावर, आणि दारोदार फिरणाऱ्या त्यांच्या विक्रेत्यांनी मध्यमवर्गाला ‘यूव्ही’ हा शब्द शिकवला. अशा मशिनांसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १४७२४ हे १९९९ पासूनचं मानक आहे. अमेरिकेच्या मानकात जंतूयुक्त पाण्यासाठीच्या वरच्या वर्गाला ४० मिलिज्यूल मात्रा लागते. कांडीला चादरीवर चिमूटभरही जमत नाही ती मात्रा साधी नळी पाण्याला सहज देते.

स्वस्त यूव्ही असं म्हणताना एका मराठी माणसाचं नाव घ्यायलाच हवं. मुंबईत वाढलेले आणि अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ अशोक गाडगीळ. १९९२-९३ मध्ये कॉलऱ्याचा नवा प्रकार भारत आणि बांगलादेशात पसरला, त्यानंतर त्यांनी खेड्यासाठी यूव्ही यंत्र बनवलं. त्यांची युक्ती साधी होती. दिवा पाण्यात बुडवायचा नाही, वर टांगायचा, आणि खालून उताराच्या जोरावर पाणी वाहू द्यायचं. मग काचेच्या आवरणावर क्षारांचा थर बसायचा प्रश्नच नाही, आणि दाबानं पाणी ढकलायला पंपही नको. एका घरगुती दिव्याइतक्या विजेवर मिनिटाला पंधरा लिटर पाणी, आणि हजार लिटरचा खर्च काही सेंट. स्वस्त असूनही ते काम करतं, कारण त्यात दिव्याची ताकद आणि पाण्याला मिळणारा वेळ यांचा हिशेब आधी मांडला होता आणि किंमत त्यानंतर.

तरीही आपल्या भागात पाण्याच्या यूव्हीलाही मर्यादा आहेत, आणि त्या पावसाळ्यात दिसतात. गढूळ पाण्यात किरण शिरत नाहीत. मातीच्या कणाआड जिवाणू बसून राहतात. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. अशा आठवड्यात वीज नसते, पाणी चहाच्या रंगाचं असतं आणि भिंतीवरचं मशिन गप्प असतं. तेव्हा उपयोगी पडतं ते निवळून, गाळून, उकळलेलं पाणी आणि मेडिक्लोर या क्लोरीनच्या औषधाचे थेंब. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो आणि ओटी टेस्ट करून नळाच्या टोकाशी क्लोरीन उरलं आहे का पाहतो, ते या सगळ्या उपकरणांहून जास्त लोकांना वाचवतं. क्लोरीन पाण्यात शिल्लक राहून पुढेही पहारा देतं. यूव्ही दिव्यातून पाणी बाहेर पडलं की त्याचं काम संपलं.

मंगल कार्यालयांत आणि दुकानांत येणाऱ्या थंड जारचा घोटाळा नेमका हाच. प्लांटमध्ये आरओ असतं, यूव्ही असतं, पाटीवर दोन्हीची नावं असतात. पण जार आतून कधी घासला आणि तोटीला कुणाचे हात लागले, याचं उत्तर दिव्याकडे नसतं. जारचं पाणी म्हणून डोळे झाकून पिणारी माणसं नळाच्या क्लोरीनच्या वासाला नाकं मुरडतात, याची मला गंमत वाटते.

विजेशिवायचा एक मार्ग सातारा जिल्ह्यातच शोधला गेला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी सुती साडीच्या चार पदरांतून पाणी गाळून ते सौर नळ्यांत तापवलं. ६० अंशांवर सुमारे पंधरा मिनिटं राहिलं तरी त्यातले कोलिफॉर्म जिवाणू मरतात, उकळावं लागत नाही. पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवण्याची ‘सोडिस’ ही पद्धत १९८० च्या सुमारास बैरुतमध्ये सुरू झाली. तिच्यात सूर्याचं यूव्ही-ए आणि उष्णता मिळून काम करतात. म्हणजे ‘ए’ पट्टाही अगदी निकामी नाही, फक्त त्याला सहा तास द्यावे लागतात. जांभळ्या कांडीला आपण सहा सेकंद देतो.

हवेच्या बाबतीतही चांगला पुरावा आहे, पण तो घरासाठी नाही. क्षयरुग्णांच्या वॉर्डात छताजवळ, माणसांच्या डोक्यांच्या बऱ्याच वर, आडवे किरण सोडणारे दिवे लावतात आणि पंख्यानं हवा वर-खाली फिरवतात. पेरूमधल्या लिमा शहरात अशा वॉर्डाची हवा गिनीपिगांना देऊन पाहिली. दिवे बंद असताना ३५ टक्के प्राण्यांना लागण झाली, दिवे चालू असताना साडेनऊ टक्क्यांना. हे निकाल २००९ चे. मिरजेच्या किंवा साताऱ्याच्या सरकारी रुग्णालयातल्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात अशा दिव्यांवर पैसा गेला तर मला आनंदच होईल, मात्र बसवणारा जाणकार हवा आणि नंतर मोजमाप करणारा कुणी हवा. घरच्या एअर प्युरिफायरमधल्या इवल्याशा यूव्ही दिव्यासमोरून हवा क्षणात निघून जाते. तिथे काम करतो तो फिल्टर. २२२ नॅनोमीटरचे नवे दिवे त्वचेत खोल शिरत नाहीत म्हणून त्यांच्याकडून आशा आहे, पण स्वस्त म्हणावेत असे ते अजून झालेले नाहीत.

तेव्हा घ्यायचं काय? कांडी घेऊ नये, कितीही सूट असली तरी. पेटी ज्याला हौस आहे त्यानं घ्यावी, पण खोक्यावर तरंगलांबी, दिव्याची ताकद आणि लागणारा वेळ हे तिन्ही छापलेले नसतील तर दुकानदाराला परत द्यावी. नुसतं ‘९९.९ टक्के’ वाचून भुलू नये. दहा लाख जंतूंतले हजार उरले तरी तो आकडा खराच ठरतो, आणि तो प्रयोगशाळेतल्या गुळगुळीत पट्टीवरचा असतो, खिशातल्या फोनवरचा नव्हे. शंका असेल तर जवळच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात जावं. जिवाणू पसरलेल्या ताटलीचा अर्धा भाग कागदानं झाकून उरलेल्यावर यूव्ही सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी कुठे वाढ झाली ते पाहायचं, हे प्रात्यक्षिक बीएस्सीची मुलं करतातच. त्यांच्या दिव्याऐवजी आपली कांडी ठेवायची. ‘ओझोननं दुप्पट स्वच्छता’ असं लिहिलेलं मशिन बंद खोलीत लावू नये; ओझोन फुप्फुसांना त्रास देतो. आणि नळी फुटलीच तर तिच्यात पारा असतो, झाडूनं उडवायचा नाही.

ज्यांच्या घरी पाण्याचं यूव्ही मशिन आहे त्यांनी एका गोष्टीकडे पाहावं. पाऱ्याची नळी साधारण आठ-नऊ हजार तासांनंतरही निळी दिसत राहते, पण २५४ ची लहर तोवर बरीच मंदावलेली असते. सर्व्हिसला आलेला माणूस ‘दिवा चालू आहे’ म्हणतो ते या अर्थानं अपुरं आहे. नळी कधी बदलली त्याची तारीख मशिनवर लिहून घ्यावी. आरओ नसलेलं मशिन असेल आणि पाणी तासगाव-जतकडच्या बोअरचं असेल, तर नळीभोवतीची काच काढून तिच्यावर पांढरा थर बसलाय का, तेही त्याच वेळी उघडून दाखवायला सांगावं.